शनिवारच्या यादीत सेवाग्राम

दर गुरुवारी रात्री माझं अर्धं पान छपाईला सुटतं आणि शनिवारी सकाळी नागपूरकर ते चहासोबत वाचतात. या सुटीत कुठं जावं, कुठलं नाटक लागलंय, धरमपेठेत नवीन काय उघडलं, कुणाच्या पाटवडीवरची तर्री जमून आलेली असते, हातमागाचा मेळा कुठं भरलाय. पुरवणीतलं हे काम आमच्या धंद्यात फारसं मानाचं समजत नाहीत. राजकारण बघणारे सहकारी मला ‘खानपान मंत्री’ म्हणतात. मला मात्र ते मनापासून आवडतं. आणि बरीच वर्षं ते करताना मी एक पथ्य कसोशीनं पाळलं होतं : त्या अर्ध्या पानात सेवाग्रामचं नाव येऊ द्यायचं नाही.

मी मूळचा वर्ध्याचा. सेवाग्राम आमच्या गावापासून आठ किलोमीटर. नागपूरहून म्हणाल तर साधारण पंचाहत्तर. सकाळी निघून रात्री घरी जेवायला परत, असं अंतर. या टप्प्यातलं बाकी सगळं माझ्या यादीत येऊन गेलं होतं. बोरचा व्याघ्रप्रकल्प, केळझरचा गणपती, गिरडची टेकडी, रामटेक तर दर पावसाळ्यात. वाचक विचारायचे, सेवाग्राम का नाही हो? मी म्हणायचो, ती पिकनिकची जागा नव्हे.

हे मत आता माझं राहिलेलं नाही. कसं गेलं ते सांगतो. पण आधी ते होतं कशासाठी, हेही सांगायला हवं, कारण त्यातला एक भाग मी स्वतःलाही बरेच दिवस सांगितला नव्हता.

सांगायचं कारण श्रद्धेचं होतं. शाळेची सहल आश्रमात न्यायची, आम्ही रांगेनं बापू कुटीपाशी जायचो, बाई डोळे वटारून ‘शूऽऽ’ करायच्या, आणि तिथली शांतता ही आपण चुकून मोडू अशी काचेची वस्तू आहे असं वाटून मी श्वाससुद्धा हळू घ्यायचो. ‘या वीकेंडला काय कराल?’ अशा मथळ्याखाली, नव्या बर्गरच्या दुकानाच्या शेजारी, ती जागा टाकायची हे मला अगोचरपणाचं वाटे. न सांगायचं कारण निराळं होतं. माझ्या वाचकाबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. हा माणूस गाडीतून उतरेल, कुटीपुढं तोंड वेंगाडून फोटो काढेल, चाळीस मिनिटांत कंटाळेल आणि ‘इथं काही खास नाही’ म्हणत निघेल, असं मी धरून चाललो होतो. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि आमच्या काही वाचकांचा कुठल्याही जागेबद्दलचा पहिला प्रश्न तोच असतो. तेव्हा ज्यांच्यासाठी मी दर आठवड्याला राबत होतो, त्यांनाच मी मनातून जरा कमअस्सल समजत होतो. शिफारशी लिहिणाऱ्या पुष्कळांना ही खोड असते. कुणी कबूल करत नाही इतकंच.

पथ्य पहिल्यांदा मोडलं ते नाइलाजानं. २०२३च्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखेला, वर्ध्यात ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही होतं, त्याचे अध्यक्ष चंद्रकांत वानखडे. वर्ध्यात याआधी संमेलन झालं होतं ते १९६९ साली, पु. शि. रेगे अध्यक्ष असताना. म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर गावात असा डबल बार. संपादकांनी माझ्या अर्ध्या पानाचं पूर्ण पान केलं आणि सांगितलं, संमेलनाला जाणारा वाचक दुपारी कंटाळला की कुठं जाईल तेही टाका. वर्ध्याला आलेला मराठी माणूस सेवाग्रामला गेल्याशिवाय राहत नाही, हे मलाही कळत होतं. मी चौकट केली. चार ओळी लिहिल्या : ३० एप्रिल १९३६ला गांधीजी इथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं, टपाल सारखं शेगावला जायचं म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झालं, आदि निवास आधी बघा, मग बापू कुटी. खाली एक उपदेशाचं वाक्यही चिकटवलं होतं, ते आता सांगत नाही.

त्यानंतर एका वाचक बाईंचं पत्र आलं. भाषा अगदी सभ्य. जागा फार आवडली म्हणाल्या. पण जेवायचं कुठं ते तुम्ही लिहिलं नाही. मुलं आणि सासूबाई दुपारपर्यंत उपाशी, शेवटी चार वाजता वर्ध्यात येऊन समोशांवर भागवलं. ‘प्रत्येक ठिकाणी काय खावं ते सांगता, मग इथंच का नाही?’

मला राग आला. गांधींच्या आश्रमात जाऊन येतात आणि तक्रार कशाची तर समोशांची! बाईंना छापील उत्तर द्यायचं ठरवलं. त्यासाठी गांधीजींचं संयमावरचं एखादं खणखणीत वचन हवं होतं, म्हणून ग्रंथालयात जाऊन त्यांच्या समग्र वाङ्मयाचे १९३४-३५च्या सुमाराचे खंड काढून बसलो. चाबूक शोधायला गेलो होतो. हाती लागला तो चक्क मेन्यू.

‘हरिजन’ हे साप्ताहिक ११ फेब्रुवारी १९३३ला पुण्यातून सुरू झालं. पुढं १९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग त्याला दिली, तिचं नाव मगनवाडी पडलं, जे. सी. कुमारप्पा तिथं येऊन बसले. आणि त्या सुमाराचे ‘हरिजन’चे अंक वाचले तर कळतं, की दर आठवड्याला हा माणूस देशाला काय खावं ते सांगतोय. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ नको, हातसडीचा घ्या. पीठ घरच्या जात्यावरचं. साखरेऐवजी गूळ. तेल घाणीचं. पालेभाज्या कच्च्या खाता येतात त्या कच्च्याच. चिंच आणि कडुनिंबाचा पाला यांचीसुद्धा भलामण आहे, आणि ती कोरडी नाही. चाखून बघितलेल्या माणसाची आहे. कुठल्या पदार्थानं कुणाला काय झालं, कुणाचं पोट बिघडलं, कुणाला मानवलं, स्वयंपाकाला किती वेळ लागतो, खर्च किती येतो, हे सगळं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. स्वराज्याची चळवळ चालवणारा माणूस पालेभाजी कशी चिरावी यावर जागा खर्च करतो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मी मात्र अर्ध्या पानाची लाज बाळगत होतो.

सोयाबीनचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. १९३५ साली मगनवाडीच्या पंगतीत गांधीजींनी सोयाबीन आणून बघितलं आणि त्याचा हालहवाल ‘हरिजन’मध्ये दिला. आपल्याकडं ते तेव्हा कुणी धड पाहिलंही नव्हतं. आज पावसाळ्यात सेलूपासून वर्ध्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघा : कपाशी, तूर आणि मैलोगणती सोयाबीन. वर्धा जिल्ह्यात त्याची पोती बाजार समितीत रचलेली असतात, भाव पडला की आंदोलनं होतात. आणि आमच्या घरात ते कुणी खात नाही. पीक तेलाच्या कारखान्याला जातं, पेंड कोंबड्यांना. शिफारस शेतात रुजली, ताटात आली नाही. गांधीजींना या विनोदावर हसू आलं असतं असं मला उगाच वाटतं.

अजून एक गोष्ट लक्षात आली, ती मात्र मला चांगलीच झोंबली. ‘हरिजन’मध्ये जाहिराती नसत. आफ्रिकेतल्या ‘इंडियन ओपिनियन’च्या शेवटच्या काळापासूनच त्यांचा तो शिरस्ता होता. आमच्या पानाच्या खालच्या चतकोरात कुणाची जाहिरात आहे, यावर वरच्या मजकुरात कोण येणार हे पुष्कळदा ठरतं. कुणी सांगत नाही. कुणाला सांगावंही लागत नाही. नवं हॉटेल उघडतं, मालक जेवायला बोलावतो, बिल येत नाही, आणि घरी येऊन लिहायला बसलं की चार विशेषणं आपोआप उतरतात. मी हे वर्षानुवर्षं केलं आहे. त्यात मोठं पाप आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आजही फार वाटत नाही. पण सोयाबीन खाऊन लिहिणाऱ्या माणसाचा मजकूर आणि माझा मजकूर शेजारी ठेवला, तर कुणाला खरोखर भूक लागली होती ते ओळखू येतं.

बाईंना मी उत्तर लिहिलं नाही. कारण तोवर दुसरंही एक पुस्तक हाती आलं होतं. १९४२च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिला. ‘छोडो भारत’च्या ऐन तोंडावर, जगाचं लक्ष इथं लागलेलं असताना. वर्ध्याहून टांग्यानं आला. जून म्हणजे आमच्याकडं पाऊस यायच्या आधीचा तो भाजून काढणारा काळ. हा गृहस्थ टिनाच्या टबात पाणी भरायचा, त्यात लाकडी खोकं टाकून वर बसायचा, समोर दुसऱ्या मोठ्या खोक्यावर टाइपरायटर, आणि तसा भिजत-भिजत टिपणं काढायचा. आणि गांधीजींशी तो ज्या गोष्टी बोलला त्यात युद्ध आहे, क्रिप्स आहेत, आणि भाजीही आहे. उकडलेल्या त्याच त्या भाजीला तो दोन दिवसांत कंटाळला. गांधीजींनी त्याला मीठ-लिंबू भरपूर घाल म्हणून सुचवलं. कांदाही देऊ केला, आणि त्या कांद्यानं त्याचा जीव भांड्यात पडला. सेवाग्रामच्या जेवणाचं हे मला सापडलेलं सगळ्यात जुनं परीक्षण, आणि ते प्रतिकूल आहे. पण यजमान चिडला नाही. संयमावर व्याख्यान दिलं नाही. कांदा पुढं केला.

नागपूरच्या त्या बाईंना मी कांदासुद्धा पुढं केला नव्हता.

त्या काळातल्या आश्रमाबद्दलची माझी कल्पनाही बदलत गेली. मी समजत होतो तशी ती जागा शांत कधी नव्हतीच. गांधीजी सेगावला आले ते एकट्यानं राहायच्या इराद्यानं. पण माणसं मागोमाग आलीच : नेते, रुग्ण, परदेशी पाहुणे, जिज्ञासू, विक्षिप्त. कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री आले, त्यांना कुटी बांधून दिली. प्राध्यापक भणसाळी कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहायचे, हेही त्याच पंगतीत. व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून टेलिफोन आला. १९४६च्या ऑगस्टमध्ये गांधीजी इथून दिल्लीला गेले ते परत आलेच नाहीत. पण ती दहा वर्षं या ठिकाणी बाहेरून येणाऱ्यांचा राबता होता. कुणाला तरी त्यांची झोपायची, जेवायची सोय लावावी लागत होती. मी ज्या शांततेला जपत होतो ती नंतरची, संग्रहालयाची शांतता.

आता खानावळीबद्दल. माझं उरलंसुरलं मत तिथं गळालं.

बाईंच्या पत्रामुळं मी सेवाग्राममध्ये जेवणाच्या जागा बघायला गेलो. आश्रमाच्या परिसरात साधं, कमी तिखटाचं, गुळाचं-तुपाचं जेवण मिळतं. ते मला माहीत होतं. पण तिथून थोडं पुढं कस्तुरबा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहे. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली काढलेलं, देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं. यवतमाळ, चंद्रपूर, पार तेलंगणाच्या सीमेवरूनही पेशंट येतात. त्यांच्याबरोबर आलेले नातेवाईक आणि कॉलेजची पोरं यांच्यावर आजूबाजूच्या खानावळी चालतात. अशीच एक पत्र्याच्या शेडातली. चार बाकं, भिंतीला पाण्याचा माठ, आत एक मावशी आणि तिची सून. थंडीचे दिवस होते. ताटात सोलेवांगे होते. ओल्या तुरीचे दाणे आणि काटेरी वांगं, वर कच्च्या तेलाची धार. ज्वारीची भाकर चुलीवरची, जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी. मला नागपुरात पाचशे रुपये मोजून ‘अस्सल वऱ्हाडी थाळी’ म्हणून जे मिळतं, त्यानं या ताटापुढं उभं राहू नये. सून भाकर तव्यावरून काढून निखाऱ्याशी टेकवायची, ती टम्म फुगायची, आणि ती तशीच वाफेसकट ताटात पडायची. तुरीचे दाणे पूर्ण शिजूनही एकेक वेगळे. वांगं मात्र विरघळलेलं, रस्सा त्यानंच दाट झालेला. मसाला असा काही नाही. लसूण, जिरं, मिरची, सांबार. (पुण्याच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.)

जेवून हात धुताना मी मावशीला सांगितलं, की मी पेपरात खाण्याबद्दल लिहितो, पण तुमचं नाव छापणार नाही. मला वाटलं होतं ती आभार मानेल. माझा हिशेब असा, की नाव छापलं की गाड्या येतील, गर्दी होईल, मावशीचं हे छोटं जग बिघडेल. लपलेल्या चांगल्या जागा लपवूनच ठेवाव्यात, हे आमच्या धंद्यातलं एक उदात्त मत आहे आणि मी ते मिरवत असे.

मावशीनं पदराला हात पुसत विचारलं, “काहून नाई छापत?”

मी तो हिशेब सांगितला.

“अन् भाऊ, तुमी कोन आमाले वाचवनारे?” ती हसतच म्हणाली, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. “आयतवारी ओपीडी बंद राह्यते. तवा इथं कोनी फिरकत नाई. अर्धा सैपाक वाया जाते. तुमच्या नागपूरच्या मानसाईले आयतवारचीच सुट्टी ना? पाठवजा मंग. फक्त येवढं लिवजा, का येण्याच्या आधी फोन करा म्हना. आन् पंधरा मानसाईच्या वर एकदम नोको.”

सुनेनं आतून भर घातली, “आन् तिखट कमी करा म्हनू नोका म्हना.”

एवढ्या स्पष्ट अटी मला कुठल्याही हॉटेलमालकानं घातल्या नव्हत्या. रविवारी ओपीडी बंद असते हे मला माहीत होतं. रविवारी नागपूरकर मोकळा असतो हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्या खानावळीकडं मी धंदा म्हणून बघतच नव्हतो. ठेवा म्हणून बघत होतो. रक्षणाच्या नावाखाली मी तिचं रविवारचं गिऱ्हाईक अडवून बसलो होतो, आणि त्यात स्वतःला शहाणा समजत होतो.

छापलं. फोन करा, हे ठळक अक्षरात टाकलं. तिखटाची अटही टाकली.

त्यानंतर सेवाग्राम यादीत येऊ लागलं, आणि मग मला दिसायला लागलं, की माझ्या पुरवणीच्या सगळ्या चौकटी तिथं आधीपासून भरलेल्या आहेत. घरसजावट घ्या. आमच्या पानावर दर उन्हाळ्यात ‘घर थंड कसं ठेवाल’ येतं, त्यात एसीच्या जाहिराती. बापू कुटी मे महिन्याच्या दुपारी बघावी. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर, खाली उतरलेले पडवीचे कड. बाहेर पंचेचाळीस अंश, आत बसवतं. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेला चरखा आणि ताडाची झाडं आहेत. मूळ कुटी त्यांचीच होती. त्या भिंतीला हात लावायचा मोह आवरावा. विचारवंत इव्हान इलिच १९७८च्या जानेवारीत इथं आला होता, तो या कुटीत बसून राहिला आणि मग राहतं घर आणि नुसता सामान ठेवायचा खोका यांतला फरक या विषयावर बोलला. आमच्या पुरवणीतला घरसजावटीचा स्तंभ लिहिणाऱ्या सहकारी बाईंना मी तिथं घेऊन गेलो. त्या शौचकूप आणि न्हाणी कुटीतच, हाताशी, कशी बसवली आहे तेच बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या टूबीएचकेच्या बिल्डरला आणायला हवं.

कपडे म्हणाल तर वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींच्याच हस्ते उघडलेलं. चरख्यांचे इतके प्रकार असतात हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. नैसर्गिक रंगांतली खादी तिथं मिळते, आणि ती बघून मला ‘सस्टेनेबल फॅशन’वर माझ्याच पानात आलेल्या लेखांची आठवण झाली. त्या लेखांतले कपडे बहुतेक दिल्लीहून आलेले होते. मसाल्याचं म्हणाल तर याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद. भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचा रंग डाळीत पडल्यावर बघावा.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. तो सेवाग्रामच्या यादीत जोडून टाकला तर वाचकाचा दिवस पुरा होतो. तिथं शेत खणताना विनोबांना भरत-राम भेटीचं जुनं शिल्प सापडलं, आणखीही वाकाटककालीन शिल्पं निघाली. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटकांचं प्रवरपूर असं मांडलं होतं. अजिंठ्याला जाणाऱ्या नागपूरकराला सांगावं, की त्या घराण्याच्या काळचं काही बघायला तासन्‌तास गाडी चालवायची गरज नाही. पण ती शिल्पं बघायला फार कुणी थांबत नाही. लोक नदीवर जातात.

माझ्या लिहिण्याची रीतही थोडी बदलली आहे. फार नाही. बिल मी आता शक्यतो देतो. नवीन उघडलेल्या जागेबद्दल महिनाभर लिहीत नाही, त्यामुळं दुसऱ्या पेपरचा मुलगा माझ्याआधी लिहितो आणि संपादक ते मला दाखवतात. तेच ते ठिकाण ऋतू बदलला की पुन्हा लिहितो : सोल्यांच्या दिवसांत एकदा, हुरड्याच्या दिवसांत एकदा, पावसात एकदा. वाचकांनी ‘हे तर मागंही आलं होतं’ म्हणून कळवलं. आलं होतं. पण तेव्हा वांगी वेगळी होती.

सगळं पटलं आहे असं मात्र नाही. रविवारी आश्रमाच्या रस्त्याला गाड्या वाढल्या, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्यात माझा वाटा किती आणि समृद्धी महामार्गाचा किती, हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कडुनिंबाखाली दिसतात. सेल्फीवाला, ज्याची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती, तोही येतो. मी एका मुलाला कुटीपुढं वेडावाकडा उभा राहून फोटो काढताना पाहिलं. मग तोच त्या छोट्या टेलिफोनच्या खोक्यापाशी बराच वेळ थांबला आणि बापाला विचारत राहिला, की गांधीजी यावरून कुणाला फोन करायचे. मी ज्याला घरी थांबवत होतो तो हाच. वेडावाकडा फोटोही त्याचाच आणि प्रश्नही त्याचाच, तेव्हा एक पाठवायचा आणि एक अडवायचा असं काही करता येत नाही.

संध्याकाळी सहाला प्रार्थना असते. तिची वेळ छापायची की नाही, यावर माझं आणि संपादकांचं बरेच दिवस जमलं नाही. ते म्हणत, टाका, दिवसाचा शेवट छान होतो. मला वाटे, प्रार्थना हा कार्यक्रम नव्हे. शेवटी आश्रमातल्याच एका ज्येष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “उघड्यावर होते, कुणालाही बसता येतं, तुम्हाला लपवायचं काय पडलंय?” तेव्हा वेळही छापली.

तर या शनिवारचं असं. नागपूरहून सकाळी लवकर निघा, उन्हं चढायच्या आत पवनार आटोपा. मावशीला आदल्या दिवशी फोन करा, पंधराच्या वर माणसं असतील तर दोन पाळ्या सांगा. वयस्कर कुणी सोबत असेल तर आश्रमात जेवा, तिथं तिखट नाही. मुलांना आदि निवासात आधी न्या, थकल्यावर त्यांना बापू कुटी नीट दिसणार नाही. परतताना वर्ध्यात गोरस भंडारात थांबा आणि गोरसपाक घ्या. गाईच्या तुपातलं जाडसर बिस्किट. तोंडात टाकलं की विरघळतं, आणि वर्ध्याचा माणूस परगावी जाताना हेच नेतो. दोन पुडे घ्या. एक सेलू यायच्या आत संपतो.